प्रेअ विहेअरचा निवाडा : नकाशा, मौन आणि एक शब्द

दोन राष्ट्रांमधील सीमेचा वाद न्यायाधीश कशाच्या आधारे मिटवितात, हा प्रश्न विधिशास्त्राचा होय. तथापि निवाडे प्रत्यक्ष वाचू गेल्यास त्यांचा बराचसा भाग शब्दार्थनिर्णयाचा असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखक विधिज्ञ नसून भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, आणि त्याच दृष्टीने येथे एका प्रसिद्ध वादाची हकीकत द्यावयाची आहे.

अशा वादात न्यायालय प्रथम सीमेविषयीचा तह शोधते. तह संदिग्ध असेल, तर पक्षांनी पुढे स्वतःच्या वर्तनाने त्याचा कोणता अर्थ मान्य केला हे पाहते. तहच नसेल, तर त्या भूमीवर कारभार कोणी चालविला याचा पुरावा घेते. वसाहती स्वतंत्र झाल्या असतील, तेथे जुन्या सीमा तशाच पुढे चालू राहतात असे सामान्यतः धरले जाते. मात्र हे सर्व उभय राष्ट्रांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केला असेल तरच. कोणत्याही सार्वभौम राष्ट्रास त्याच्या संमतीवाचून न्यायालयापुढे खेचता येत नाही.

कंबोडिया आणि थायलंड यांच्या मध्ये डांग्रेक नावाची डोंगररांग आहे. तिच्या एका उंच सुळक्यावर प्रेअ विहेअर हे शिखरेश्वर शिवाचे प्राचीन मंदिर उभे आहे. (नावातील ‘विहेअर’ म्हणजे आपला ‘विहार’च, शिवालयास हे नाव कसे चिकटले हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) 1904 साली फ्रान्स आणि सयाम यांच्यात तह झाला. त्यात या भागातील सीमा जलविभाजक रेषेने जाईल असे ठरले व प्रत्यक्ष रेषा आखण्यासाठी मिश्र आयोग नेमण्यात आला. नकाशे करण्याचे काम सयामच्याच विनंतीवरून फ्रेंच अधिकाऱ्यांकडे गेले. ते 1908 मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाले. त्यांत मंदिर कंबोडियाच्या बाजूस दाखविले होते. तोवर आयोगाचे काम थांबलेले असल्याने या नकाशास त्याची मान्यता नव्हती. आरंभी तो बंधनकारक नव्हता, हे न्यायालयानेही मान्य केले.

मग तो बंधनकारक झाला कसा? नकाशे हाती येताच सयामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंच वकिलाचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना पाठविण्यासाठी आणखी पंधरा पंधरा प्रती मागविल्या. आक्षेप कोणी घेतला नाही. 1930 मध्ये हेच राजपुत्र मंदिर पाहावयास गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच निशाण फडकावून त्यांचे स्वागत केले. परतल्यावर राजपुत्रांनी छायाचित्रे पाठविली, आणि सोबतच्या मजकुरात फ्रान्स हाच यजमान होता असे सूचित करणारी भाषा वापरली. सौजन्याच्या पत्रातील ती भाषा तीस वर्षांनंतर हेग येथे पुरावा म्हणून वाचली गेली.

कंबोडिया स्वतंत्र झाल्यानंतर थायलंडचे पहारेकरी मंदिरात होते. 1959 मध्ये कंबोडियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा गुदरला. 15 जून 1962 रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरले. खरी जलविभाजक रेषा कोठून जाते हे पाहण्याची गरज न्यायालयास वाटली नाही. जेथे बोलावयास हवे होते व बोलता येत होते, तेथे सयाम गप्प राहिला. म्हणून त्याने नकाशा स्वीकारला, असा निष्कर्ष निघाला. मौन हे संमतीचे लक्षण, असे आपल्याकडेही म्हणतात. विधीच्या परिभाषेत या विचारास मौनसंमती व विबंध अशी नावे आहेत.

निकाल सीमेच्या स्थैर्याला पोषक आहे, यात शंका नाही. परंतु भिन्न मत देणाऱ्या तीन न्यायाधीशांत कू व स्पेन्डर यांच्यासारखे जाणते होते, आणि त्यांची बाजू पोकळ म्हणवत नाही. मौनाला अर्थ असतो तो प्रसंगाच्या संदर्भाने. शेजारी वसाहती मांडून बसलेल्या प्रबळ साम्राज्यापुढे 1930 साली एखाद्या राजपुत्राने तोंड उघडले नाही, तर त्यातून भूमीचा त्याग वाचावा काय? आमच्या मते पंधरा प्रतींची मागणी हा पुरावा त्या स्वागतसमारंभाहून कितीतरी भक्कम आहे.

निवाड्याने थायलंडला मंदिर ‘आणि त्याचा कंबोडियन भूमीवरील परिसर’ येथून आपले लोक काढून घेण्यास सांगितले. हा परिसर केवढा? थायलंडने जुलै 1962 मध्ये मंदिराभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले आणि तेवढाच परिसर मानला. पुढे 2008 मध्ये मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा या एका शब्दावरून तोफा सुटल्या. 2011 पर्यंत चाललेल्या चकमकींत सैनिक मेले, खेडुतांना घरे सोडावी लागली. अखेर कंबोडियाने 2011 मध्ये जुन्या निवाड्याचा अर्थ सांगावा अशी न्यायालयास विनंती केली. 11 नोव्हेंबर 2013 रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, परिसर म्हणजे मंदिराचा संपूर्ण सुळका. कुंपणाचा अर्थ त्याने अमान्य केला. त्याचबरोबर पश्चिमेकडील फ्नोम ट्रॅप टेकडी त्यात येत नाही, असेही म्हटले. नकाशातील उरलेली रेषा सर्वत्र बंधनकारक आहे काय, याचे उत्तर देण्याचे त्याने टाळले, कारण 1962 मध्ये तो प्रश्न निकालात निघालेला नव्हता.

त्या उरलेल्या रेषेवरच जुलै 2025 मध्ये पाच दिवस लढाई झाली व त्याच वर्षी डिसेंबरात ती पुन्हा पेटली. तत्पूर्वी जूनमध्ये कंबोडियाने इतर काही स्थळांचा प्रश्न हेगला नेण्याचा मनोदय जाहीर केला होता. परंतु 1959 चा दावा थायलंडने 1950 साली केलेल्या ज्या घोषणेच्या आधारे चालला, तिची मुदत दहा वर्षांची होती. ती 1960 मध्ये संपली, आणि थायलंडने तिचे नूतनीकरण केलेले नाही.