टोल लावून पाहिला, काढूनही पाहिला

शहरात मोटार आणणाऱ्यांकडून पैसे घेतले, तर वाहतूककोंडी खरंच कमी होते का? या प्रश्नावर मतं पुष्कळ ऐकू येतात, मोजमाप मात्र क्वचितच हाती लागतं. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमने २००६ साली हे मोजमाप करून दाखवलं.

आपल्याकडचा टोल असतो रस्त्याचा खर्च वसूल करण्यासाठी. स्टॉकहोमला गर्दी कमी करायची होती. मध्यवर्ती भागाच्या सीमेवर १८ ठिकाणी कमानी उभारल्या. तिथे फाटक नव्हतं की पावतीची खिडकी नव्हती. वेग कमी न करता मोटार कमानीखालून जाई, कॅमेरा नंबरप्लेट टिपे आणि संगणक ती वाचे. काही मोटारींच्या काचेवर ओळख पटवणारा छोटा रेडिओसंचही होता. पण कॅमेऱ्यांचं काम इतकं चोख निघालं, की पुढे या संचांची गरज उरली नाही. वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोना (स्वीडनचं चलन) आकार पडे. दिवसाची कमाल मर्यादा ६० क्रोना. संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी प्रवेश मोफत होता.

प्रयोगाची खरी हुशारी त्याच्या आखणीत होती. ऑगस्ट २००५ मध्ये आधी नुसत्या बस वाढवल्या. मोटारींच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. मग ३ जानेवारी २००६ ला टोल सुरू झाला आणि सीमा ओलांडणाऱ्या मोटारी सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. ३१ जुलैला प्रयोग संपला, टोल थांबला आणि मोटारी पुन्हा वाढल्या. घट टोलमुळेच झाली होती, हे यातून स्पष्ट झालं.

पाचपैकी एकच मोटार कमी झाली, तरी अनेक रस्त्यांवर खोळंब्याचा वेळ ३० ते ५० टक्क्यांनी उतरला. याचं कारण गणितात आहे. रस्ता क्षमतेच्या जवळ भरला, की प्रत्येक नवी मोटार मागच्या सगळ्यांनाच अडवते. वाहतूक अभियंत्यांच्या एका प्रचलित सूत्रानुसार, खोळंबा वाहनसंख्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वाहनं ०.८ पट झाली, तर खोळंबा साधारण ०.४ पट होतो. म्हणजे सगळ्यांच्या मोटारी बंद करायची गरज नसते. थोड्यांनी वेळ, वाट किंवा वाहन बदललं तरी पुरतं.

यंत्र चाललं, एवढ्यावर अशी चाचणी यशस्वी ठरत नाही. हाँगकाँगने १९८३ ते १९८५ दरम्यान सुमारे अडीच हजार वाहनांवर इलेक्ट्रॉनिक आकारणी तपासली. तंत्र उत्तम चाललं. पण आपण कुठे जातो-येतो याची नोंद सरकारकडे राहील, ही धास्ती लोकांना वाटली आणि योजना बारगळली. स्टॉकहोममध्येही सुरुवातीला विरोधकच जास्त होते. मात्र तिथल्या लोकांनी मोकळे रस्ते सात महिने अनुभवले, टोल थांबल्यावर परतलेली गर्दीही पाहिली आणि त्यानंतर, सप्टेंबर २००६ मध्ये, मतदान केलं. शहरातला कौल थोडक्या फरकाने टोलच्या बाजूने गेला. ऑगस्ट २००७ पासून टोल कायम झाला.

मुंबई-पुण्यात अशी आकारणी कधी आणायची झाली, तर हाच क्रम पाळायला हवा. आधी बस वाढवाव्यात, वाहनं मोजावीत, टोलची मुदत आधीच जाहीर करावी, मुदत संपली की तो खरोखर थांबवावा आणि आकडे लोकांपुढे ठेवून कौल घ्यावा. पैसे लोकांच्या खिशातून जाणार आहेत; पुरावा मागण्याचा पहिला हक्कही त्यांचाच आहे.