मुंबई ४, मुंबई १२ : गेलेल्या गावांचे उरलेले पत्ते

मुंबई बेटावर एकेकाळी गावे होती. गिरगाव, माझगाव, नायगाव या नावांतले ‘गाव’ शोभेपुरते नाही. तिथे शेते होती, नारळीच्या बागा होत्या, वेशीवर गावदेवी होती. १६६१ च्या विवाहतहाने ही बेटे पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. तेव्हा भरतीचे पाणी एका वस्तीला दुसरीपासून तोडत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खाडी बांध घालून अडवली गेली आणि मधली खाजणे हळूहळू भरून निघाली. पायधुनीला पाय धुण्यापुरतेही पाणी उरले नाही, उमरखाडीतली खाडी गेली. नावे मात्र राहिली, आणि ती टिकण्यात टपाल खात्याचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत याच्या उलट घडले. आयोवा, कॅन्सससारख्या राज्यांतल्या लहान गावाची ओळख म्हणजे तिथले टपाल कार्यालय. १८९६ पासून शेतावरच्या घरापर्यंत टपाल पोहोचवण्याची पद्धत सुरू झाली, तशी हजारो कार्यालये अनावश्यक ठरून बंद झाली आणि त्यांच्यामागून गावांची नावेही नकाशातून गळाली. मुंबईत गावे आधी गेली. टपाल कार्यालये राहिली.

गिरगावात हे सर्वांत स्पष्ट दिसते. ‘वाडी’ म्हणजे मुळात बाग. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावे वाचली तरी जुन्या गिरगावात काय पिकत होते ते कळते. एकोणिसाव्या शतकात बागा तुटून चाळी उभ्या राहिल्या, पण बागेची हद्द वाडीची हद्द म्हणून तशीच राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेली खोताची वाडी अजूनही लाकडी गॅलऱ्यांची काही घरे जपून आहे. बाकी ठिकाणी वाडी म्हणजे एक बोळ, दोन्ही बाजूंना चाळी आणि टोकाला एखादे देऊळ. गिरगावकराचा पत्ता याच क्रमाने लिहिला जाई : खोली, चाळ, वाडी, गिरगाव, मुंबई ४. मराठी वाचकाला तो पुस्तकांच्या आतल्या पानावरूनही पाठ असतो, कारण मौज प्रकाशनाची खटाववाडी याच ‘मुंबई ४’ मधली. आंबेवाडीच्या नावाचे तर स्वतंत्र टपाल कार्यालय झाले. ज्या बागेतला शेवटचा आंबा कधी तुटला हे कुणाच्या आठवणीत नाही, तिच्या नावाचा शिक्का पाकिटांवर उमटत राहिला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला आणि उरलेल्या गावांचे दिवस भरले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, दाट वस्तीतून रुंद रस्ते कापले. गव्हर्नर सॅन्डहर्स्टच्या नावाचा रस्ता खेतवाडी-गिरगावच्या अंगातून गेला. दादर, माटुंगा, नायगाव, वडाळा या भागांतली शेते ताब्यात घेऊन आखीव भूखंड पाडले गेले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यांतूनच उभ्या राहिल्या. हवा-उजेड देणारे हे नगररचनेचे मोठे काम होते, यात शंका नाही. पण ज्या पाऊलवाटांनी एक गाव दुसऱ्याला जोडलेले होते, त्या या आखणीत कायमच्या गेल्या.

परळचा प्रवास आणखी निराळा. १९३१ साली रस्त्याच्या कामात इथे सापडलेले शिवाचे भव्य शिल्प सहाव्या शतकातले मानतात. म्हणजे मुंबई शहर होण्याच्या हजार वर्षे आधी परळला दगडात असे काम करवून घेणारी वस्ती होती. पुढे इथेच गव्हर्नरचा बंगला झाला आणि १८९९ मध्ये त्यात शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. आजूबाजूला गिरण्या उठल्या आणि परळ, लालबाग, शिवडी, वरळी मिळून एकच गिरणगाव झाले. शेतीचे गाव बुडून कामगारांचे गाव उभे राहिले.

या गावाचा श्वास टपालावर चालत असे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडून आलेला चाकरमानी गाळ्यात दाटीने राही, खाणावळीत जेवे आणि पगार झाला की टपाल कार्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत उभा राही. १८८० पासून सुरू असलेल्या मनिऑर्डरीने कोकणातल्या घरांची चूल पेटती ठेवली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असे. पैशाबरोबर तेवढेच पत्र. उलट्या दिशेने गावाकडची कार्डे ‘डिलाईल रोड’, ‘काळाचौकी’, ‘लालबाग’ अशा पत्त्यांवर येत. एका खोलीत अनेकजण राहत असल्याने पत्त्यात खोलीच्या क्रमांकाआधी गाववाल्याचे नाव महत्त्वाचे ठरे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. मुंबईला ४०० हे पहिले तीन आकडे मिळाले आणि शेवटी जुना विभाग क्रमांक तसाच ठेवला गेला. मुंबई ४ चे ४००००४ झाले, लालबागच्या मुंबई १२ चे ४०००१२. त्यामुळे बोलण्यातला ‘दादर १४’ आणि ‘दादर २८’ हा पूर्व-पश्चिमेचा भेद मोडला नाही.

टपालाची चिकाटी रस्त्यांच्या बाबतीतही दिसते. डिलाईल रोड कामगारनेते ना. म. जोशी यांच्या नावाचा झाला. ४०००१३ चे कार्यालय डिलाईल रोडच राहिले. जेकब सर्कल संत गाडगे महाराज चौक झाला. ४०००११ जुन्याच नावाने चालू राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, १९९१ आणि २००१ च्या विकास नियंत्रण नियमांनी त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या आणि भोंग्यांच्या जागी मनोरे आले. लोअर परळच्या मनोऱ्यांना दलाल ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. हे नाव कुठल्याही वस्तीतून आलेले नाही. जागेचा भाव वाढवण्यासाठी ते घडवले गेले. २०१३ मध्ये तार बंद झाली, २०१५ मध्ये जुनी मनिऑर्डर. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि मेट्रोच्या कामात गिरगावच्या काही चाळी पाडल्या गेल्या. त्याच मेट्रोच्या भुयारी स्थानकाला मात्र ‘गिरगाव’ हेच नाव मिळाले.

एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने चर्नी रोडला गिरगाव, करी रोडला लालबाग, डॉकयार्ड रोडला माझगाव आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी ही नावे देण्याचा ठराव मंजूर केला. रेल्वेला आता आठवलेली ही नावे टपालाने कधी सोडलीच नव्हती : गिरगाव ४, माझगाव १०, लालबाग १२, काळाचौकी ३३.

पाडलेल्या चाळींची नावे मात्र कुठल्याच फलकावर येणार नाहीत. ती उरली आहेत ती कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या पोस्टकार्डांच्या पत्त्याच्या बाजूला. ती कार्डे रद्दीत देण्याआधी निदान खोली, चाळ आणि वाडी एवढे तरी उतरवून ठेवावे.