एकच खेळ, कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवरही

आपल्या भंडारा जिल्ह्यात कितीतरी घरी कॉम्प्युटर नाही, पण आईबाबांचा मोबाईल आहे. मग शाळेतल्या कॉम्प्युटरवरचा खेळ घरी कसा चालणार? यासाठी 'टूलकिट' लागतं. बटण, खिडकी, यादी असे तयार भाग त्यात असतात. प्रोग्राम एकदा लिहायचा, प्रत्येक यंत्रावर ते भाग दाखवायचं काम टूलकिटचं.

जीकॉम्प्री हा मोफत खेळसंच (फ्रेंचमध्ये उच्चार 'मला समजलं' असा!) २००० साली जीटीके या मोफत टूलकिटवर सुरू झाला. पण तो टॅबलेट-मोबाईलवर नेता येईना. म्हणून २०१४ पासून सगळे खेळ क्यूटीवर नव्याने लिहायला घेतले. केवढं काम ते!

मराठीसाठी दोन्ही टूलकिट चांगली, जोडाक्षरं नीट जुळवतात. पडद्यावर 'क्ष' तुटला तर पहिलीचं लेकरू तसाच गिरवेल.