पाडवा ते दसरा : घरातला हीटर केव्हा लावावा?

मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या वाट्यांबरोबर दरवर्षी एक प्रश्न हमखास फिरत असतो : "काय, तुमच्याकडे हीटर सुरू झाला का?" तिकडे पाडवा म्हणजे उन्हाळ्याची वर्दी. माठ बाहेर काढायचा, पंखे पुसायचे. इथे न्यूझीलंडमध्ये सगळेच उलटे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, संध्याकाळी सहालाच अंधारून येते आणि कपाटातल्या रजया खाली उतरतात.

या प्रश्नाला माझे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते. "छे! एक जूनशिवाय आमच्याकडे कोणी बटणाला हात लावत नाही!" हे मी जरा छाती फुगवूनच सांगत असे. थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर घालावा, हा इथल्या सहकाऱ्यांचा बाणा मी उचलला होता आणि त्यात आपली मध्यमवर्गीय काटकसर मिसळली होती. ते उत्तर मी का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख. विषय क्षुल्लक वाटेल, पण त्यात प्रकृतीही आहे आणि पैसाही.

आईचा मुक्काम

आमचे घर लोअर हटमधले, १९६०च्या दशकातले, लाकडी. न्यूझीलंडमध्ये नव्या घरांना इन्शुलेशन सक्तीचे झाले ते १९७८ साली. त्यामुळे त्याआधीच्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही भिंती पोकळ आहेत. छतात आणि जमिनीखाली आधीच्या मालकांनी नंतर इन्शुलेशन घातले, एवढेच. दिवाणखान्यात हीट पंप आहे. झोपण्याच्या खोल्यांत काहीच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आई मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी आली. ती निफाडची. तिथे काही हिवाळ्यांत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. "निफाडची थंडी काढलेली बाई मी, तुझ्या वेलिंग्टनचं मला काय कौतुक!" असे ती विमानतळावरच म्हणाली होती. तिला आम्ही घरातली सगळ्यांत शांत खोली दिली आणि आमची सहा वर्षांची मुलगी हट्टाने आजीजवळ झोपू लागली.

मे उजाडला तशी आई पहाटे पाचलाच उठून स्वयंपाकघरात जाऊ लागली. चहाचे आधण ठेवून ती तिथेच उभी असे. मला वाटले, लवकर उठण्याची सवय. दिवसभर शाल अंगावर असे. विचारले की म्हणे, "अरे, होईल सवय." मेच्या मध्यावर मुलीला रात्रीचा खोकला लागला, छातीत घरघर ऐकू येऊ लागली. त्याच आठवड्यात आईचा रक्तदाबही नेहमीपेक्षा वाढलेला निघाला.

दोघींना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासले, औषधे लिहून दिली आणि मग विचारले, "या दोघी झोपतात त्या खोलीचे पहाटेचे तापमान किती असते?" मी गप्प. दिवसभर संगणकावर आकड्यांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनियरला स्वतःच्या घरातला हा एक आकडा माहीत नव्हता! सगळे थंडीमुळेच झाले, असे डॉक्टरीणबाईही ठामपणे म्हणाल्या नाहीत. परंतु खोली आधी मोजा, हे त्यांनी बजावून सांगितले.

तीन थर्मामीटर

त्याच दिवशी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे तीन छोटे थर्मामीटर आणले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आईच्या खोलीत १२ अंश होते. आदल्या संध्याकाळी, नुकताच स्वयंपाक झालेला असताना, स्वेटर घालून मी बसतो त्या दिवाणखान्यात १९. म्हणजे "घरात काही एवढी थंडी नाही" हा माझा निष्कर्ष माझ्या खुर्चीपुरताच खरा होता. आईची खोली दक्षिणेकडची. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे हिवाळ्यात त्या खोलीला उन्हाचा कवडसाही मिळत नाही. निफाडला रात्र कितीही गारठली तरी सकाळी दहाला अंगणात ऊन असते, अंथरूण वाळते, माणूस शेकते. इथे घर एकदा गारठले की आठवडाभर गारच राहते. आईची थंडी सोसण्याची ताकद कमी पडली नव्हती. तिची शेकण्याची जागा गेली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड हवेच्या प्रदेशांसाठी घरातील किमान तापमान १८ अंश असावे असे म्हटले आहे. वृद्ध, लहान मुले आणि दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांसाठी ते याहून अधिकही लागू शकते. कारण साधे आहे. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. थंड हवेने श्वासनलिकाही चिडतात.

या विषयावर खुद्द आपल्या वेलिंग्टनमध्ये मोठे काम झाले आहे. ओटागो विद्यापीठाच्या येथील शाखेतील प्रा. फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५० घरांत इन्शुलेशन घालून पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. घरे थोडीशीच उबदार झाली होती, तरी छातीतली घरघर आणि मुलांची शाळा बुडणे स्पष्टपणे घटले. २००८ साली दमा असलेल्या ४०९ मुलांच्या पाहणीतही, घरात चांगला हीटर बसवल्यावर मुलांचा रात्रीचा खोकला कमी झालेला दिसला.

आपल्या स्वयंपाकघरातली वाफ

थंडीच्या जोडीला ओल येते आणि आपल्या घरांत ती जरा अधिकच. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, घरात वाळत घातलेले कपडे. २० अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. म्हणजे स्वयंपाकघरातली ही हवा गार खोलीत गेली की १२ अंशांखालच्या काचेवर आणि भिंतीवर तिचे पाणी होणारच. तिथे मग काळी बुरशी धरते.

आणखी एक गैरसमज. बाहेर पावसाळी हवा आहे, खिडकी कशाला उघडा, असे आपण म्हणतो. परंतु बाहेरची ८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन १८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटे खिडक्या उघडल्याने घर कोरडेच होते आणि कोरडी हवा तापवणेही सोपे जाते.

धुराडे नसलेला, चाकांवरचा गॅस हीटर मात्र शक्यतो टाळावा. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने खोलीतच राहते. नऊ किलोचे सिलिंडर संपेपर्यंत चौदा लिटरहून अधिक! शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड फुफ्फुसांना त्रास देतो तो वेगळाच.

हिशेब

आता पैशाकडे वळू. आमच्या बिलात विजेचा दर युनिटला ३२ सेंट होता. समजा, दिवाणखान्याला रोज सहा तास दोन किलोवॅट उष्णता हवी आहे, म्हणजे १२ युनिट. साध्या विजेच्या हीटरने त्याचे ३ डॉलर ८४ सेंट होतात. हीट पंप उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतून ती आत ओढतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. खर्च १ डॉलर २८ सेंट. आईच्या खोलीत थर्मोस्टॅटचा ऑइल हीटर रात्री आठ तास ठेवला आणि तो सरासरी अर्धा किलोवॅट वीज घेतो असे धरले, तर त्याचेही १ डॉलर २८ सेंट. दोन्ही मिळून दिवसाला २ डॉलर ५६ सेंट.

म्हणजे एक जूनऐवजी एक मेला हीटर लावला असता, तर संपूर्ण मे महिन्याचे फार तर ८० डॉलर जास्त लागले असते. माझ्या साऱ्या बाणेदारपणाची किंमत एवढीच! तिकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना इथली सरकारी वैद्यकीय सेवा मिळत नाही. दवाखान्याचे पूर्ण शुल्क भरावे लागते, आणि जुना रक्तदाब असेल तर प्रवासविमाही अनेकदा हात वर करतो. त्या दिवशीच्या तपासण्या आणि औषधांतच माझी बचत संपली. मुलीची आठवडाभराची शाळा आणि आमच्या रजा वेगळ्याच.

आमचे आताचे नियम

१. तारीख नव्हे, थर्मामीटर. घरातल्या सर्वांत गार खोलीत पहाटे सलग तीन दिवस १६ अंशांखाली पारा दिसला की हीटरचा मोसम सुरू. लहान मूल किंवा ज्येष्ठ व्यक्ती घरात असेल, तर १८ अंशांखाली पहिल्याच दिवशी.

२. हीट पंप १९ किंवा २० अंशांवर ठेवतो. २८वर ठेवून खोली लवकर तापत नाही, फक्त नंतर अति तापते. टायमर उठण्याच्या अर्धा तास आधी. जाळी मार्चमध्येच धुऊन ठेवतो.

३. संध्याकाळी ऊन जाण्याआधी पडदे ओढायचे, दारांखालच्या फटी बंद करायच्या. कपडे गॅरेजमध्ये किंवा बाहेर वाळवायचे. स्वयंपाक करताना पंखा चालू.

४. हीटरपासून अंथरूण, पडदे, कपडे निदान एक मीटर दूर.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आपला हक्क ओळखावा. २०१९च्या हेल्दी होम्स नियमांनुसार मुख्य दिवाणखाना १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का बसवलेला हीटर घरमालकाने द्यायचा असतो. १ जुलै २०२५पासून हे सर्व खासगी भाड्याच्या घरांना लागू आहे. झोपण्याच्या खोल्या मात्र त्यात येत नाहीत, तिथे आपणच लक्ष घालायला हवे. न्यूझीलंड सुपरअॅन्युएशन घेणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना विंटर एनर्जी पेमेंट मिळते. १ मे ते १ ऑक्टोबर, म्हणजे महाराष्ट्रदिनापासून गांधीजयंतीच्या आदल्या दिवसापर्यंत. ही रक्कम हीटरसाठीच आहे. कृपया ती नातवंडांच्या खाऊसाठी साठवू नये! स्वतःचे घर २००८पूर्वीचे असल्यास इन्शुलेशनच्या सरकारी साहाय्याची चौकशीही जरूर करावी.

तापमान १८ अंशांवर आले तशी आई पहाटे सहा-साडेसहापर्यंत झोपू लागली. तेव्हा कळले की पाचला उठून ती चहा करत नव्हती, शेकत होती. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारले. म्हणाली, "आल्याच्या दुसऱ्या दिवशी तू विजेचा दर सांगितलास. मी रुपयांत हिशेब केला. मग कशाला सांगायचं?"

वाचकहो, आपले आईवडील थंडी वाजते असे कधीच सांगणार नाहीत. त्यांना विचारूही नका. त्यांच्या खोलीत एक थर्मामीटर ठेवा आणि पहाटे स्वतः जाऊन बघा. यंदा पाडव्याला कोणी विचारलेच, तर माझे उत्तर तयार आहे : "तारीख माहीत नाही, पण आईच्या खोलीत आज १९ आहे."