कर्जतला एकदा उतरून तर बघा!

कर्जत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? वडा! गाडी थांबते, आपण दारात येतो, दोन वडे आणि मिरची हातात पडते, तेवढ्यात मागे इंजिन जोडल्याचा धक्का बसतो. मुंबई-पुणे करणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदार मंडळींची कर्जतशी ओळख एवढीच. मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच केलं. मग एका शनिवारी मैत्रिणीला सोबत घेऊन चक्क उतरले.

स्टेशनबाहेर रिक्षा ठरवली आणि कोंदिवडे गाठलं. तिथून तासाभराची चढण चढलं की राजमाचीच्या पोटात कोंडाणे लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, पण दगडात कोरलंय ते सगळं लाकडी घरासारखं! सज्जे, जाळ्या, छताच्या तुळया... चैत्याच्या दर्शनी भागावर एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच. कारागिराने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय! आजूबाजूला आपल्या काळातल्या वीरांनीही स्वतःची नावं खरडली आहेत. त्यांनी नेमकं काय केलं, ते मात्र लिहिलेलं नाही.

दुपारी खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली, संपली लाइन. ही लाइन डोंगराच्या पायथ्याशी अशी अचानक का संपते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तर 1856 साली रेल्वे इथवर आली. 1858 मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला बोरघाट मात्र लोक पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून चढायचे! 1863 मध्ये पळसदरीवरून घाटाची लाइन झाली आणि खोपोलीची लाइन बाजूला पडली.

त्या घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाने घेतलं होतं. 1859 मध्ये तो भारतात आला आणि काही दिवसांतच वारला. बायको ॲलिस मायदेशी परतली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. एकोणिसाव्या शतकात, बाईसाहेब कंत्राटदार! 1861 च्या सुरुवातीला कामावर 42 हजारांवर मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो गेले. बलकासारखं नाव कोरून ठेवायची सोय त्यांना नव्हती. आपण त्यांच्याच बोगद्यांत मोबाईलची रेंज गेली म्हणून वैतागतो.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि भलामोठा तलाव आहे. काठावर बसून डबा खाल्ला, झकास! टाटांचं वीजघर 1915 चं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली ती इथूनच. पाली रस्त्याने पुढे गेलात तर उंबरखिंड लागते. 2 फेब्रुवारी 1661 ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथेच कोंडलं होतं. आम्हाला वेळ पुरला नाही.

परतीच्या लोकल मोजक्याच असतात, टाइमटेबल आधी बघून घ्या. आमची एक चुकलीच. मग बाकावर बसून राहिलो, वर घाटातून पुण्याची गाडी सरकत होती.

कर्जतला पोचल्यावर वडा खाल्लाच, पण या वेळी स्टेशनवर उभं राहून, निवांत.