अकरा गडी, एकाच्याच कानात रेडिओ!

ओळख पाहू! मैदानावर एका संघाचे अकरा गडी उभे आहेत. अकराही जणांच्या डोक्यावर हेल्मेट. पण त्यातल्या एकाच हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका आहे. कशाला बरं असेल तो?

तर गंमत अशी, की त्या हेल्मेटच्या आत आहे एक चिमुकला स्पीकर! मैदानाबाहेरून प्रशिक्षक बोलतो आणि त्या एकाच गड्याला ऐकू येतं. बाकीच्या दहा जणांना? काही म्हणजे काहीच नाही!

हा हिरव्या ठिपक्याचा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. खेळ आहे अमेरिकन फुटबॉल. आता नावात फूट आहे खरं, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो! आणि तो गोलही नसतो. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता.

मैदान केवढं असेल? चल, हिशेब करू. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, कुठे कुठे कबड्डीचे सामनेही रंगतात, तेव्हा कबड्डीचं मैदान तू पाहिलंच असशील. मोठ्या पुरुषांचं ते मैदान १३ मीटर लांब असतं. समज, भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांनी एकेक मैदान उचलून आणलं आणि लांबीत एकापुढे एक जोडलं. म्हण बरं तेराचा पाढा! सातव्या घरात काय येतं? एक्क्याण्णव! अमेरिकन फुटबॉलचं मैदान जवळजवळ तेवढंच, ९१ मीटर लांब!

त्याच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक पट्टा असतो. समोरच्या पट्ट्यात चेंडू नेला, किंवा तिथे उभं राहून झेलला, की टचडाऊन. सहा गुण! पण एका दमात तिथवर जाणं सोपं नाही. म्हणून चार संधी मिळतात. त्या चारांत निदान ९ मीटर पुढे सरकायचं. सरकलात, तर आणखी चार संधी. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा!

आता घड्याळाकडे बघ. अमेरिकेतली मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे एनएफएल. तिथे एक डाव संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची असते ना? तिच्याहून दहाच सेकंद जास्त! एवढ्यात प्रशिक्षकाने डाव सांगायचा, क्वार्टरबॅकने तो ऐकायचा, दहा जणांना सांगायचा आणि सगळ्यांनी जागेवर जाऊन उभं राहायचं.

आणि ऐक, घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद! खट्ट! प्रशिक्षक कितीही ओरडला तरी आवाज पोचत नाही. आता मैदानावर जे काय करायचं, ते क्वार्टरबॅकने स्वतःच्या डोक्याने. हा रेडिओ एनएफएलमध्ये १९९४ पासून आहे. त्याआधी मैदानाबाहेरून हातवारे करून सांगायचे, नाहीतर एखाद्या गड्यालाच निरोप देऊन आत धाडायचे.

डावाचं नावही छोटं नसतं बरं का! कोण कुठे उभा राहील, कोण कुठे पळेल, कोण कुणाला अडवेल, सगळं त्या एका लांबलचक वाक्यात कोंबलेलं. म्हणून पुष्कळ क्वार्टरबॅक मनगटावर एक पट्टी बांधतात. तिच्यावर बारीक अक्षरांत डावांची यादी. परीक्षेत असं काही सापडलं तर बाई वर्गाबाहेर काढतील, पण इथे चालतं! प्रत्येक गड्याला आपलं एक काम पाठ हवं. क्वार्टरबॅकला मात्र अकराही जणांचं.

हे सगळं तो सांगतो कुठे? गोल रिंगणात, डोक्याला डोकं लावून. हे रिंगण कुणी काढलं, माहीत आहे? ऐकून चकित होशील!

अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलॉडेट नावाचं विद्यापीठ आहे, कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांचं. तिथला संघ हातांच्या खुणांनी बोलायचा. ऐकू येणाऱ्या संघाशी सामना असला, की कसली चिंताच नाही. खुणा उघड्यावर केल्या तरी समोरच्यांना काय कळणार? पण एकदा का समोरही ऐकू न येणाऱ्यांचाच संघ आला, की पंचाईत! त्यांना सगळ्या खुणा वाचता यायच्या. १८९० च्या दशकात या संघाचा क्वार्टरबॅक होता पॉल हबर्ड. त्याने काय करावं? सगळ्या गड्यांना गोल उभं केलं आणि रिंगणाच्या आत, पाठींच्या आडोशाला खुणा केल्या. बसा आता बघत! रिंगणाची सुरुवात इथूनच झाली, असं मानतात. आज क्रिकेटवालेही असंच रिंगण करतात, पाहिलंस ना टीव्हीवर?

बरं, रिंगण सुटलं. सगळे जागेवर गेले. क्वार्टरबॅक समोर बघतो, तर काय! समोरच्यांनी आपला डाव ओळखलाय! मग तो तिथल्या तिथे ओरडून डाव बदलतो. पेटन मॅनिंग नावाचा एक नामी क्वार्टरबॅक होता. तो ओरडायचा, "ओमाहा! ओमाहा!" ओमाहा हे अमेरिकेतलं एक शहर. म्हणजे आपला कर्णधार भर सामन्यात "तुमसर! तुमसर!" ओरडला तर कसं वाटेल? समोरचे बघतच राहतील. त्याच्या गड्यांना मात्र त्यातली खूण बरोब्बर कळते.

कधी कधी तो आवाजानेच हूल देतो, कबड्डीतला चढाईवाला पायाने देतो तशी. अचानक मोठ्याने ओरडतो. समोरच्या गड्याला वाटतं, झाला डाव सुरू! तो झेपावतो, दोन्ही संघांमधली रेषा ओलांडतो आणि फसतो. दंड म्हणून त्याच्या संघाला साडेचार मीटर मागे जावं लागतं. चेंडू अजून हललेलाही नसतो!

पण प्रेक्षकांनीच कालवा केला तर? करतातच ते! २०१४ साली कॅन्सस सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांनी १४२.२ डेसिबलचा आवाज केला. विश्वविक्रमच तो! आपल्याकडे आपल्या गड्याची चढाई असली की आपणच जास्त ओरडतो ना? तिथे उलटं! आपला क्वार्टरबॅक बोलत असला की त्याचे चाहते चिडीचूप बसतात. समोरच्यांचा बोलायला लागला, की मग आरडाओरडा! अशा वेळी पाहुणा क्वार्टरबॅक काय करतो? नुसता पाय उचलतो. शेजारचा गडी तो पाय बघतो आणि चेंडू धरून वाकलेल्या गड्याला हाताने हळूच टोचतो. तोंडातून शब्दही न काढता डाव सुरू!

चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकला मिळतात जेमतेम तीन सेकंद. समोरून धिप्पाड गडी धावून येत असतात. त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच जण उभे असतात. त्यांची वजनं बघ, एकेक जण १३०-१४० किलोचा! बिचाऱ्यांच्या हाती चेंडू क्वचितच येतो, टाळ्याही फारशा पडत नाहीत. म्हणून बरेच क्वार्टरबॅक नाताळात या पाच जणांना आठवणीने भेटी देतात. मला तर ही रीत फार आवडते.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. २२ जानेवारी १९८९. एनएफएलचा अंतिम सामना, मायामी शहर. सॅन फ्रान्सिस्कोचा संघ १६-१३ असा मागे. उरली होती तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. आणि जायचं किती? ८४ मीटर! आपल्या सात कबड्डी मैदानांतली जवळजवळ साडेसहा!

रिंगणात सगळ्यांचे चेहरे ताणलेले. क्वार्टरबॅक होता जो मोंटाना. आता तो काहीतरी जोशपूर्ण बोलणार, असं तुला वाटलं असेल. छे! त्याची नजर गेली प्रेक्षकांत. तिथे जॉन कँडी नावाचा विनोदी नट उभा होता. मोंटानाने शेजारच्या गड्याला तो दाखवला. तो बघ, जॉन कँडीच ना तो? अरे, सामना हरायची वेळ आलीय आणि हा नट बघतोय! पण झालं काय, सगळ्यांचा ताणच उतरला.

मग अकरा डावांत ते सरकत सरकत पुढे गेले. मध्येच ओरडून ओरडून मोंटानालाच धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने मुद्दाम चेंडू बाहेर फेकला आणि थोडा दम खाल्ला! अखेर फक्त ३४ सेकंद उरले असताना त्याने फेकलेला चेंडू जॉन टेलरने झेलला. टचडाऊन! सामना २०-१६ असा खिशात!

आणि काय सांगू, आपल्या महाराष्ट्रातले संघही हा खेळ खेळलेत! २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया ही व्यावसायिक स्पर्धा झाली. तिच्यात मुंबई ग्लॅडिएटर्स होते, पुणे मराठाज होते. पहिला हंगाम जिंकला कुणी? पुणे मराठाजनी! या स्पर्धेत पैसे गुंतवणाऱ्यांत कर्ट वॉर्नर हा अमेरिकन क्वार्टरबॅकही होता. १९९४ मध्ये त्याला कुठल्याच संघात जागा मिळेना, म्हणून तो रात्रपाळीला किराणा दुकानात फळ्यांवर माल लावायचा. आणि जानेवारी २००० मध्ये? तोच गडी एनएफएलच्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू!

तुलाही खेळावंसं वाटतंय ना? पण धडकाधडकी नको, दात पडतील! याच खेळाचा धाकटा भाऊ आहे, फ्लॅग फुटबॉल. एका बाजूला पाचच गडी. कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लावायची. समोरच्याने फडकं ओढलं, की थांबायचं! २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, पुरुषांचाही आणि महिलांचाही.

त्या पाचांतही एक क्वार्टरबॅक असतोच. पण नियम बघ कसला मजेदार! चेंडू आधी त्याच्याच हातात येतो, तरी तो घेऊन त्याला स्वतः रेषेपुढे पळता येत नाही. कितीही जोरात पळता येत असलं तरी नाही! चेंडू कुणाला तरी द्यायचा, नाहीतर फेकायचा. मग सांग, तुझ्या वर्गातल्या कुणाकडे फेकशील?