कागदावर दोघंही अठ्ठावीसचे

9 मार्च 1796 ची रात्र. पॅरिसच्या नोंदणी कचेरीत नवरी ताटकळत बसलेली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. नेपोलियन बोनापार्ट दोनेक तास उशिरा उगवला, तोवर अधिकारी कंटाळून निघून गेला होता. लग्न लावलं त्याच्या हाताखालच्या माणसानं, ज्याला तो अधिकारच नव्हता. नवऱ्याकडचा एक साक्षीदार अल्पवयीन. नवरीनं वयातली चार वर्षं उतरवली, नवऱ्यानं दीड वर्ष चढवलं, आणि कागदावर दोघंही अठ्ठावीसचे झाले. प्रत्यक्षात ती 32 ची, तो 26 चा.

या नवरीला, जोसेफिनला, उधळी, चंचल म्हणून मोकळं व्हायची जुनी सवय आहे. मला ते पटत नाही. मार्टिनिक बेटावरच्या मळेवाल्याची ही मुलगी. जुलै 1794 मध्ये पहिल्या नवऱ्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला, तेव्हा ती स्वतःही तुरुंगात होती. या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएर पाचच दिवसांत संपला म्हणून ती वाचली. पदरी दोन मुलं, डोक्यावर कर्ज. रूप आणि बड्या मंडळींतली ऊठबस हीच पुंजी. अशा बाईनं कोर्सिकन हेल काढत फ्रेंच बोलणाऱ्या गबाळ्या सेनापतीला होकार दिला, तो हिशेब करूनच. तो मात्र तिच्यापायी वेडा झाला होता. तिचं रोझ हे नावसुद्धा त्यानं बदलून जोसेफिन करून टाकलं.

लग्नानंतर दोनच दिवसांनी तो इटलीच्या मोहिमेवर निघाला. तिथून पत्रांमागून पत्रं. तिची उत्तरं मात्र तुटक आणि उशिरा, कारण मध्ये इपोलित शार्ल नावाचा देखणा लेफ्टनंट आला होता. 1798 मध्ये इजिप्तच्या मोहिमेत हे नेपोलियनच्या कानावर गेलं. त्यानं भावाला लिहिलेलं दुखावलेलं पत्र इंग्रजांच्या हाती लागलं आणि घरची भानगड चव्हाट्यावर आली.

ऑक्टोबर 1799 मध्ये तो परतला आणि दार लावून बसला. ती बाहेर रडत होती. शेवटी यूजेन आणि ओर्तान्स या तिच्या मुलांनी रदबदली केली, तेव्हा कडी निघाली. पारडं फिरलं ते इथे. यापुढे संशय, जळफळाट तिच्या वाट्याला, आणि मोकळीक त्याला. तीही काही कमी नव्हती म्हणा! 1804 मध्ये सम्राट म्हणून नेपोलियनचा राज्याभिषेक तोंडावर आला असताना आपलं लग्न चर्चमध्ये झालेलंच नाही, हे तिनं पोपच्या कानावर घातलं आणि घाईघाईनं तो विधी उरकून घेतला.

मूल मात्र होईना. 1806 च्या डिसेंबरात नेपोलियनला दुसऱ्या स्त्रीपासून मुलगा झाला. दोष आपल्यात नाही याची त्याची खात्री पटली. 1809 च्या डिसेंबरात भर दरबारात घटस्फोट झाला. संमतीचा मजकूर तिला पुरता वाचवेना, उरलेला दुसऱ्यानं वाचला. सम्राज्ञीचा किताब आणि मालमेझोंचा वाडा तिच्याकडे राहिला. तिथेच 29 मे 1814 रोजी ती गेली, तेव्हा तो गादी गमावून एल्बा बेटावर हद्दपारीत होता.

वारसासाठी त्यानं लगोलग ऑस्ट्रियाची राजकन्या केली, मुलगाही झाला. पण तो 1832 मध्ये, एकविसाव्या वर्षीच वारला. 1852 मध्ये फ्रान्सच्या गादीवर तिसरा नेपोलियन बसला. तो ओर्तान्सचा मुलगा, म्हणजे जोसेफिनचा नातू.